पेन २०० ला, साहित्य २०८ चं: मामांच्या लाकडी पेनांचा हिशेब

मामांनी निवृत्तीनंतर छोटा लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) घेतला तेव्हा घरात सगळ्यांची पैज होती की चार महिन्यांत त्यावर धूळ बसणार. धूळ बसली, पण लाकडाची. पहिलं वर्ष पेनं करून वाटण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी ती विकायला लागली. ते वर्ष संपता संपता मामांचा फोन आला. "अरे, पेनं तर सगळी खपतायत. मग किट मागवायची वेळ आली की दर वेळी पेन्शनला हात का लावावा लागतो? एकदा येऊन बघ जरा."

उत्पादन-खर्चाचे हिशेब हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे गेलो. मामांनी दारातच अट घातली, "हे बघ, मला मजुरी नको. छंदाने स्वतःचा खर्च स्वतः काढावा, एवढंच माझं म्हणणं आहे." या अटीमुळेच हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं. नफा कमवायला निघालेला माणूस चुकला तर त्याला लवकर कळतं. फक्त साहित्याचे पैसे सुटावेत एवढीच अपेक्षा असलेला माणूस वर्षानुवर्षं खिशातून भर घालत राहतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

आकडे वाचण्याआधी एक सांगतो. कुठल्याही चलनातल्या किमती इथे दिलेल्या नाहीत. किट म्हणजे लाकूड सोडून पेनाच्या तयार भागांचा संच. साध्या स्लिमलाइन, म्हणजे सडपातळ बॉलपेनाच्या किटची कॅटलॉगमधली किंमत १०० धरली आहे आणि बाकी सगळं त्या मापात मोजलं आहे. तुमच्या किटला जे पडत असेल ते १०० समजा आणि पुढे वाचा.

पैसा कुठल्या टप्प्यावर अडकतो

ज्यांनी पेन कातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्लिमलाइन किटमध्ये ७ मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या, टोक, फिरवायची यंत्रणा, मधली कडी, क्लिप, वरची टोपी आणि क्रॉस कंपनीच्या पद्धतीची बारीक रिफिल येते. लाकडाचा ठोकळा साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि १२५ मिलिमीटर लांब असतो. त्याचे दोन तुकडे करायचे, पण आधी आडवी खूण करून ठेवायची, म्हणजे तयार पेनात लाकडाच्या रेषा एकमेकींना जुळतात. मग भोक पाडायचं, नळ्या खरवडून आत चिकटवायच्या, टोकं नळीशी काटकोनात छाटायची, बुशिंगसकट (किती जाडीपर्यंत कातायचं ते दाखवणाऱ्या पोलादी कड्या) मँड्रेलवर (लेथवर बसणाऱ्या दांडीवर) चढवून गोल पटाशीने कातायचं. पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत आणि हौस असेल तर त्याच्याही पुढे. वर सीए ग्लूचे (सुपरग्लूच्या जातीचा गोंद) आठ-दहा पातळ थर, त्यांना चकाकी, आणि शेवटी प्रेसमध्ये एकेक भाग दाबून बसवायचा.

हिशेबाच्या नजरेने बघितलं तर नळ्या वगळता किटचा सगळा पैसा शेवटच्या पाच-सहा मिनिटांत पेनात जातो. तोवर जे तुटतं ते लाकूड, ग्लू आणि नळ्या. त्यानंतर जे तुटतं त्यात सगळंच जातं. मामांना हा फरक हाताला माहीत होता, किमतीत तो कधी आला नव्हता.

"किट शंभर, वर माझे शंभर"

मामांची किंमत ठरवण्याची पद्धत एका ओळीची होती. किट १००, लाकूड घरचंच, तेव्हा दुप्पट करून २००. वरच्या शंभरात ग्लू-बिलू सगळं सुटतं असा त्यांचा अंदाज. अंदाज वाईट नव्हता, फक्त तो कधी कागदावर आला नव्हता.

वही नव्हतीच. तेव्हा बँकेचं स्टेटमेंट, पार्सलांवरची बिलं आणि मामींची स्मरणशक्ती यांवर काम भागवलं. (शेवटची सगळ्यात भरवशाची निघाली.) वर्षभरात ९० किट आली होती. त्यातली ६१ पेनं विकली, १४ भेट दिली, ६ ड्रॉवरमध्ये पडून होती, ९ वाया गेली. विकलेल्या ६१ पैकी ३८ मामांनी थेट हातोहात दिली आणि २३ एका भेटवस्तूंच्या दुकानातून गेली. दुकान प्रत्येक विक्रीवर ३५ टक्के ठेवून घेतं, म्हणजे २०० च्या पेनाचे मामांच्या हातात १३० येतात. थेट विक्रीचे ७,६०० आणि दुकानाचे २,९९० मिळून वर्षाची आवक १०,५९०.

आता खर्च. किट १०० चं, पण ते घरी पोचेपर्यंत ११८ चं होत होतं. मामा संपत आली की पंधरा किट मागवत. अशी वर्षात सहा पार्सलं आली आणि दर वेळी वाहतूक नव्याने भरावी लागली. कॅटलॉगमधली किंमत आणि दारात पडलेली किंमत यांत फरक असतो, हे सांगायला हिशेबनीस लागू नये. पण मी बघितलेल्या बहुतेक छंदवाल्यांच्या डोक्यात कॅटलॉगचाच आकडा पक्का बसलेला असतो.

"लाकूड घरचंच" हेही अर्धंच खरं होतं. एका जुन्या दाराची चौकट चिरून बरेच ठोकळे निघाले होते, हे खरं. पण रंगीत, रेषांचं, गाठींचं लाकूड पाहून मामांनी ५४ ठोकळे विकत घेतले होते, एक ३० ला. काही ड्रिल बाहेर पडताना खालच्या तोंडाशी उकलले, ते वेगळेच. नव्वद किटांवर वाटले तर पेनामागे १८ पडतात. चौकटीचं लाकूड फुकट होतं, पण तिच्यात लपलेल्या एका खिळ्याने बँडसॉचं (पट्टी-करवतीचं) पातं खाल्लं. त्या पात्याच्या पैशात नऊ ठोकळे आले असते.

ग्लू, एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद), पॉलिश पेपर, चकाकीची पेस्ट, हातमोजे मिळून पेनामागे १५. ड्रिल बिट, टोकं छाटायचं कटर, बुशिंग, मँड्रेलची वाकलेली दांडी आणि ते पातं मिळून ९. बुशिंग झिजतं हे मामांना तोवर लक्षातच आलं नव्हतं. पॉलिश पेपर लाकडाबरोबर पोलादी बुशिंगही घासत राहतो. ते बारीक झालं की लाकूडही तितकंच बारीक कातलं जातं आणि जोडल्यावर धातूची कडी बोटाला लागते. लेथची किंमत मात्र मी हिशेबात धरली नाही. लेथ हौसेसाठी घेतला होता आणि उद्या पेनं बंद झाली तरी मामा त्यावर भोवरे कातणारच.

म्हणजे एक पेन करायला घेतलं की ११८, १८, १५ आणि ९ मिळून १६० गेले, पेन पूर्ण होवो न होवो. पूर्ण झालं तर १६ ची डबी. शिवाय किटबरोबर येणारी रिफिल अडखळत लिहिते म्हणून तीनातल्या दोन पेनांत मामा १२ ची चांगली रिफिल घालत, त्याचे सरासरी ८. विकलेल्या पेनावर हे २४ आणखी.

इथे आमचं थोडं वाजलं. मी ९० च्या ९० किटांचा खर्च विक्रीवर टाकला होता. मामा म्हणाले, "भेट दिलेली पेनं त्यात कशाला? ती काय धंद्यात दिली? आणि ड्रॉवरमधली उद्या विकली जातीलच." दोन्ही मुद्दे बरोबर होते. भेटी घरखर्चात गेल्या, ड्रॉवरमधला माल शिल्लक म्हणून बाजूला काढला. राहिली ७० किट: ६१ विकलेली आणि ९ वाया गेलेली. वाया गेलेल्यांना मात्र दुसरं घर नाही, त्यांचा भार विकलेल्यांनीच उचलायचा.

७० गुणिले १६० म्हणजे ११,२००. ६१ गुणिले २४ म्हणजे १,४६४. बेरीज १२,६६४. भागिले ६१.

एका विकलेल्या पेनाचं साहित्य २०८ चं पडत होतं. मामा ते २०० ला विकत होते, आणि दुकानाचं कमिशन धरून हातात सरासरी १७४ येत होते. वर्षाची तूट २,०७४. मामांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा भागाकार केला.

पत्र्याचा डबा

किंमत वाढवा, असं लगेच सांगून मोकळं होता आलं असतं. पण १२ टक्क्यांहून जास्त किट वाया जात असतील तर त्याचा दंड गिऱ्हाइकाला का? म्हणून त्या नऊ पेनांचं काय झालं ते एकेक करून विचारलं.

तीन पेनांची टोकं छाटताना लाकूड उडालं. दोन लेथवर पटाशी अडकून फुटली. दोन प्रेसमध्ये दाबताना तडकली. आणि दोन विकल्यानंतर काही आठवड्यांनी चिरली, ती मामांनी मुकाट्याने बदलून दिली.

"मग पहिल्या पाचांच्या किटचं काय केलंत?" मी विचारलं. मामांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढून टेबलावर ओतला. पाच टोकं, पाच क्लिपा, पाच यंत्रणा, कड्या, टोप्या, रिफिली. सगळं कोरं करकरीत. फक्त नळ्या नव्हत्या, कारण त्या फुटलेल्या लाकडात चिकटून गेल्या होत्या. नळ्या सुट्या मिळतात, एक जोडी ६ ला. हे मामांना माहीत नव्हतं असंही नाही. "एवढ्याशासाठी पार्सल कोण मागवणार," म्हणून राहिलं होतं. त्या डब्यात जवळपास सहाशेचा माल होता.

तडकलेल्या चार पेनांची कारणं मला जास्त रंजक वाटली. प्रेसमधली दोन नळीच्या आत शिरलेल्या ग्लूमुळे गेली. चिकटवताना ग्लूचा एक थेंब नळीच्या तोंडातून आत जातो आणि तिथेच कडक होतो. मग धातूचा भाग आत जाताना घट्ट होतो, आपण आणखी जोर लावतो, नळी फुगते आणि वरचं कातून पातळ झालेलं लाकूड चिरतं. उपाय फुटकळ आहे. चिकटवण्याआधी नळीच्या तोंडाला मेणाचं बूच, आणि जोडण्याआधी आतून गोल कानस फिरवायची.

नंतर चिरलेली दोन पेनं विकतच्या ठोकळ्यांची होती. असे ठोकळे बऱ्याचदा चारी बाजूंनी मेण चढवून येतात. मेण असतं ते लाकूड सावकाश सुकावं म्हणून, म्हणजे हातात येतं तेव्हा ते आतून ओलं असू शकतं. पेन झाल्यावर लाकूड सुकत आकसतं. आतली पितळी नळी काही आकसत नाही. मग लाकूड उभं उकलतं. मामा आता आलेल्या ठोकळ्याचं मेण खरवडून त्यावर पेन्सिलीने वजन लिहितात आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा ठेवतात. तीन रविवार वजन तेच आलं की ठोकळा कामाला घ्यायचा. पहिल्या खेपेला एका ठोकळ्याने महिन्याभरात सहाव्या हिश्श्याइतकं वजन टाकलं. काटा बिघडलाय की काय म्हणून मामांनी तो साखरेच्या पुड्याने तपासला.

लाकडावरून आठवलं. शिसवीचे ठोकळे परदेशातून मागवायचे किंवा तिकडे पाठवायचे असतील तर भावात कागदपत्रांचाही खर्च धरावा लागतो. डालबर्जिया हा शिसवीचा अख्खा वंश २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापाराला कागदपत्रं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने तयार वस्तूंना एका पाठवणीत १० किलो लाकडापर्यंत सूट मिळाली, कच्च्या ठोकळ्यांना मात्र नाही. ब्राझीलची शिसवी तर १९९२ पासून पहिल्याच, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, तिच्या वाटेला जाऊच नये.

डब्यातल्या किटांना नळ्या मिळाल्या की प्रत्येकी फक्त ४८ चं नुकसान उरतं: ६ च्या नळ्या, १८ चं लाकूड, १५ चा ग्लू-पेपर आणि ९ ची झीज. गेल्या वर्षीचाच हिशेब या बदलासह मांडला तर पेनाचं साहित्य २०८ वरून १९८ वर आलं. सहा पार्सलांऐवजी वर्षात दोन मागवली आणि पन्नासाच्या ठोक भावाने किट ९० ला मिळालं, तर ते घरपोच ९७ ला पडतं. मग साहित्य येतं १७६ वर. ठोक घेण्याचा तोटाही आहे. पैसे आधी अडकतात, आणि सोनेरी मुलाम्याची पन्नास किट घरात असताना गिऱ्हाईक काळं मागतं. मी मामांना एका वेळी दोनच रंगांचे मुलामे ठेवायला सांगितलं. त्यांनी तीन मागवले.

ठोक खरेदी ग्लूला मात्र लागू नाही. मामांनी स्वस्त पडते म्हणून सीए ग्लूची मोठी बाटली घेतली होती आणि अर्धी दगड होऊन गेली. उघडलेला सीए हवेतल्या ओलाव्याने घट्ट होत जातो. लहान बाटल्या घ्याव्यात आणि न उघडलेल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर आत दव धरतं.

"म्हणजे माझे दोनशे बरोबरच होते!"

१७६ हा आकडा आला आणि मामा खुश झाले. थेट विक्री आणि दुकान यांचं प्रमाण गेल्या वर्षीसारखंच राहिलं तर साहित्य सुटायला किंमत किती हवी, हे मीच काढून दिलं होतं. उत्तर आलं २०३. "बघ! म्हणजे माझे दोनशे बरोबरच होते. किंमत चुकली नव्हती, डबा चुकला होता."

मामांच्या अटीत हे बसत होतं, म्हणून मी त्यांना खोडून काढलं नाही. फक्त कागद त्यांच्याकडे सरकवला. २०३ चालते ती ६१ पैकी २३ च पेनं दुकानातून गेली तर. अर्धी दुकानातून गेली तर २१३ लागतात. सगळी गेली तर २७१. मामांना तर दुकानातली विक्री वाढवायची होती! म्हणजे विक्री वाढेल तशी तूट वाढणार.

इथे कमिशनचं गणितही सांगतो, कारण ते चांगले शिकलेले लोकही उलटं करतात. हातात १७६ हवेत आणि दुकान ३५ टक्के घेतं, म्हणून १७६ वर ३५ टक्के चढवले की २३८ होतात. पण दुकान ३५ टक्के घेतं ते २३८ वर. हातात येतात १५५. चढवायचं नसतं, भागायचं असतं. १७६ भागिले ०.६५ म्हणजे २७१. ऑनलाइन विक्रीचं शुल्क असो की कार्डाचं, सगळ्यांना हाच नियम.

वेळेचा विषय मी काढला नव्हता, मामींनी काढला. "एका पेनाला किती वेळ लागतो हो तुम्हाला?" मामा म्हणाले, "अर्धा तास." मामी नुसत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बसलो. कापणं आणि भोक पाडणं १२ मिनिटं, नळ्या चिकटवून टोकं छाटणं १३, कातणं २०, पॉलिश पेपर १२, ग्लूचे थर २२, जोडणी ६, फोटो काढून डबीत घालणं १०. एकूण ९५. एपॉक्सी सुकायची रात्र यात धरलेली नाही. आठ पेनं एकदम घेतली तर एकेका पेनाची ६५ मिनिटं होतात, कारण ड्रिल एकदाच लावावं लागतं आणि एकाचा थर सुकेपर्यंत दुसऱ्याला लावता येतो.

"अर्धा तास" खोटा नव्हता. मामांना जे काम वाटतं, म्हणजे कातणं आणि जोडणं, ते तेवढ्यात होतं. बाकीचं त्यांच्या लेखी काम नव्हतंच.

मजुरी नको म्हणणं हा मामांचा हक्क आहे. पण मजुरी शून्य धरली की किंमत साहित्याला चिकटून राहते आणि किटचा भाव वाढला, एखादं पेन परत आलं, रविवारी एक ठोकळा जास्त उकलला, की लगेच ती पाण्याखाली जाते. खर्च भागवायचा असेल तरी किंमत खर्चाच्या वर थोडी असावी लागते. आणि जरा कडू बोलायचं तर, पेन्शनवाल्याने साहित्याच्या भावात पेनं विकली की त्याच दुकानात ज्याचं पोट लेथवर आहे त्याचं पेन महाग दिसायला लागतं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "तासाला दीडशे धर." लेथजवळ झाडलोट करायला मदतनीस ठेवला तर त्याला जे द्यावं लागेल तेवढेच त्यांनी स्वतःला लावले.

६५ मिनिटांचे १६३. वाया गेलेल्यांचाही वेळ धरून १७० केले. १७६ आणि १७० मिळून ३४६. थेट विक्रीची किंमत ठरली ३५०.

तिप्पट करा, असं का सांगितलं नाही

साहित्याच्या तिप्पट किंमत लावा, हा सल्ला हस्तकलेच्या दुनियेत जिथे तिथे ऐकायला मिळतो. मला तो आवडत नाही. स्लिमलाइनला तो जेमतेम चालतो. पण मामा फाउंटन पेनंही करू लागले होते. त्यांचं किट घरपोच ४२०, राळ जिरवून पक्कं केलेलं लाकूड ४५, ग्लू-पेपर २०, झीज ९, असे ४९४. तिप्पट केली तर १,४८२. आणि वेळ? ८० मिनिटं, त्यातली दहा निब कागदावर नीट चालेपर्यंत घासण्याची. पंधरा मिनिटं जास्त लागली म्हणून किमतीत हजाराची उडी कशी घ्यायची? धातू महाग आहे म्हणून हात महाग होत नाही.

महाग किटात खरंच वाढते ती जोखीम, आणि ती वेगळी मोजता येते. शंभरातली सहा किट शेवटच्या टप्प्यात जातील असं धरलं, तर ४९४ भागिले ०.९४ म्हणजे ५२६. चांगली डबी ६०. साहित्य ५८६. ८० मिनिटांचे २००. एकूण ७८६. दुकानासाठी ०.६५ ने भागून १,२०९, म्हणून पाटी लागली १,२२५ ची.

हीच रीत स्लिमलाइनला लावली तर दुकानातली किंमत ५३२ येते. थेट ३५० आणि दुकानात ५३२ हे चालत नाही. दुकानदाराला कळलं की तो पेनं परत करतो, आणि त्याचं काही चुकत नाही. एका वस्तूला एकच किंमत असावी, म्हणून स्लिमलाइन दुकानातून काढून घेतली आणि तिथे फक्त मोठी, म्हणजे फाउंटन पेनं ठेवली. मोठी पेनं घरूनही १,२२५ लाच. दुकानदार आधी कुरकुरला, त्याला काउंटरवर स्वस्त वस्तू हवी होती.

मधेच एका कार्यालयाची मागणी आली. नावं कोरलेली ४० स्लिमलाइन, २५० ला एक. मामा हरखले. डब्या नकोत म्हणजे साहित्य १६०, एकच लाकूड, एकच पद्धत, वेळ ५५ मिनिटांवर येईल. पेनामागे ९० सुटतात, म्हणजे तासाला शंभराच्याही खाली. तरीही मी नको म्हटलं असतं असं नाही, साहित्य तर सुटत होतं. अडचण कोरण्याची होती. ते बाहेरून करून आणायचं, त्याचा खर्च २५० मध्ये धरलाच नव्हता. आणि नाव चुकलेलं पेन दुसऱ्या कुणालाच विकता येत नाही. ते फुटलेल्या पेनासारखंच, फक्त दिसायला अखंड. मामांनी ३१० आणि कोरण्याचे वेगळे असं कळवलं. कार्यालयाकडून पुन्हा फोन आला नाही. मामा दोन दिवस गप्प होते.

सहा महिन्यांनी

१९ स्लिमलाइन आणि ११ फाउंटन पेनं गेली, फाउंटनमधली ७ दुकानातून. संख्येने बघितलं तर विक्री अगदी थोडी घटली. गेल्या वर्षीचं अर्धं धरलं तर तीस-एकतीसच होतात. स्लिमलाइनवर साहित्य सुटून ३,३०६ उरले, मोठ्यांवर ४,०२८. एक मोठं किट प्रेसमध्ये गेलंच. किमतीत त्याची जी तरतूद होती तिच्याहून ते थोडं महाग पडलं, तेवढे वजा करून सगळे मिळून सुमारे ७,२०० राहिले. पस्तीस तासांचं काम, म्हणजे तासाला दोनशेच्या जरा वर. दीडशेच्या वर गेले ते चार मोठी पेनं दुकानाशिवाय, घरून पूर्ण किमतीला गेली म्हणून. दर वेळी तसं होईल असं धरून चालणार नाही.

पहिल्या दोन महिन्यांत एकही स्लिमलाइन गेली नव्हती, हेही लिहायला हवं. जुनी गिऱ्हाइकं ३५० ऐकून "बघू" म्हणून गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. तेव्हा मामांनी मला न सांगता एकदा पाटीवर ३०० लिहिले होते. मामींनी ते पुसले.

परवा गेलो तेव्हा डबा रिकामा होता आणि शेजारी सुट्या नळ्यांचं पाकीट होतं. निघताना मामांनी दाराच्या चौकटीच्या लाकडाचं एक पेन माझ्या खिशाला लावलं. मी चपला घालेपर्यंत आत जाऊन वही उघडली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "भाचा. एक. घरखर्च, एकशे शहात्तर." मग थांबून म्हणाले, "डबी दिली नाही. एकशे साठ लिहितो."